ट्रेलरातला फणस

लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून मी पोट भरते. मालवणच्या बाजारात चपलांच्या दुकानावर एक खोली आहे, तिला मी स्टुडिओ म्हणते. घरमालक तिला माळा म्हणतो. पंधरा वर्षं झाली, मी नवऱ्यामुलांना बुलेटवरून स्लो मोशनमध्ये उतरवते आहे आणि नवरीच्या मामांचे ढेकर सनईखाली दडपते आहे. तेव्हा ट्रेलर कसा करायचा हे मला कोणी शिकवू नये. आधी काळोख. मग कुठूनतरी 'ढुम्म'. मग एक डोळा, नुसता डोळा, बाकीचा माणूस नंतर. मग जाड आवाजात कोणीतरी सांगतो की एक होतं गाव. परत 'ढुम्म'. हिरो पाठमोरा चालतो, कारण फुकटात तोंड दाखवलं तर तिकीट कोण काढणार? शेवटी सिनेमाचं नाव येतं, लोकांना वाटतं संपलं, आणि नेमका तेव्हा एक विनोद टाकायचा. अख्ख्या सिनेमात तेवढाच एक असला तरी बेधडक टाकायचा.

यात फसवणूक आहे का? आहे की. पण बाजारातली मासेवालीसुद्धा पाटीत सुरमई वर मांडते आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघून पाटी फिरवते. पुण्याचा पर्यटक आला की कोळंबी पुढे, गावातला आला की बांगडे. तिला कोणी फसवी म्हणत नाही. म्हणून बघा एकदा, ती तुमच्या सात पिढ्यांची विचारपूस करील.

हे सगळं मी मास्तरांना ऐकवलं, तेव्हा त्यांनी नुसता चष्मा पुसला. मास्तर आमच्याच वाडीतले, मालवणपासून आत दहा-बारा किलोमीटर. शाळेतून निवृत्त झालेला माणूस आमच्याकडे काजूची कलमं लावतो, नाहीतर पंचायतीत तक्रारी करतो. यांनी सिनेमा काढला. तासाभराचा, मालवणीत, वाडीतलीच माणसं घेऊन, पुतण्याच्या कॅमेऱ्यावर. गोष्ट अशी की वाडीच्या राखणदार देवाला द्यायचा कोंबडा एका म्हातारीच्या हातून सुटतो, ती दिवसभर त्याला शोधते, संध्याकाळी तो सापडतो, आणि तोवर तिचा त्याच्यावर जीव बसलेला असतो. झालं. मारामारी नाही, प्रेम नाही, गाणं नाही. कोंबड्यानं काम मात्र फार चांगलं केलं होतं.

म्हातारीचं काम केलं होतं माझ्या शेजारणीनं. सगळी वाडी तिला काकी म्हणते, मीही म्हणते. मास्तर तिला विचारायला गेले तेव्हा मी सोबत होते. तिनं दोनच प्रश्न केले. पहिला, कोंबडो कोणाचो. दुसरा, "माझो झील बगूक येतलो काय?"

तिचा झील, म्हणजे मुलगा, डोंबिवलीला असतो. माझ्याच वर्गातला. आमच्याकडचा चाकरमानी एक वेळ नोकरी सोडील पण गणपतीला घर सोडणार नाही, आणि हा तीन वर्षांत आला नव्हता. भांडण नाही, तंटा नाही. एकदा तिकीट मिळालं नाही, एकदा रजा मिळाली नाही, एकदा पोरीची परीक्षा. रविवारचा फोन मात्र न चुकता. काकी फोन ठेवायची आणि विचारलं नसतानाही सांगायची, "येतलो मगे." त्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात तिडीक जायची. राग त्याचा यायचा, तोंडावर तिच्या ओरडायचे.

"येईल म्हणजे? धावत येईल," मास्तर म्हणाले. शिक्षक असल्यामुळे ते खोटंसुद्धा शुद्ध भाषेत बोलतात. "आईनं सिनेमात काम केलंय म्हटल्यावर कोण येणार नाही?"

"तेका सांगू नको," काकी म्हणाली. "ट्रेलरात माका बगल्यान काय आपसूक येतलो. सांगान इलो तर ता काय येणा?"

एवढी अट घालून तिनं काम केलं. उन्हातान्हात, काट्याकुट्यात, त्या कोंबड्याच्या मागे. डिसेंबरातल्या एका रविवारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये खेळ ठरला आणि ट्रेलर माझ्या गळ्यात पडला. जगात ट्रेलर करतात लाखो माणसं ओढायला. मला एक माणूस ओढायचा होता, तो पण डोंबिवलीहून. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धी माणसं मुंबईतलीच, तो त्यात होता. तिथं ट्रेलर टाकायचा आणि वाट बघायची.

पहिला ट्रेलर मी भुताचा केला. आमच्याकडच्या माणसाला भूत दाखवलं की जेवणाचं ताट सोडून उठतो, हा माझा अनुभव. सिनेमात भूत नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, पण मी आणलं. काकी न्हाऊन केस वाळवत बसली होती, तो शॉट निळा केला, संथ केला, कोंबड्याचं आरवणं उलटं लावलं आणि वर अक्षरं टाकली, 'तिका कोण व्हया?', म्हणजे तिला कोण हवंय. परिणाम असा झाला की वाडीतल्या पोरांनी तिन्हीसांजेला विहिरीवर जायचं सोडलं. एका बाईनं ग्रुपवर विचारलं, राखणदाराचा कौल घेतल्याबिगर असलं दाखवणं बरं का? मास्तरांना नारळ घेऊन राखणदारापुढे उभं राहावं लागलं. त्यांनी हात जोडून सांगितलं, "म्हाराजा, ह्यां फक्त ट्रेलरात आसा, पिच्चरात नाय." देवाला मार्केटिंग समजावून सांगणारा तो पहिलाच माणूस असावा.

डोंबिवलीहून एक अंगठा आला. केसांत तोंड झाकलेली बाई आपली आई आहे हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

दुसरा ट्रेलर रडायचा. संध्याकाळी मालिका बघणाऱ्या बायकांना रडणं लागतं. चुलीच्या धुरानं काकी डोळे पुसत होती, ते मी लांबवलं, खाली व्हायोलिन घातलं. इतकं छान जमलं की माझं मलाच भरून आलं. ग्रुपवर टाकण्याआधी काकीला स्टुडिओत आणून दाखवलं. तिनं ते बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यां काढ आदी. माका रडताना बगल्यान काय तो येवचो नाय, औषधां धाडतलो."

तिला माहीत होतं. मागं एकदा फोनवर ती नुसती खोकली होती, तर चौथ्या दिवशी कुरियरनं खोकाभर बाटल्या आल्या. मी तो ट्रेलर पुसला. पुसताना शिव्या घातल्या, कोणाला ते सांगत नाही.

मग तिसरा. हा खास चाकरमान्यांचा. चाकरमान्यांच्या ट्रेलरात काय लागतं ते ठरलेलं आहे: वरून दिसणारा समुद्र, माडांची रांग, लाल रस्त्यावरून जाणारी एसटी, बासरी, आणि शेवटी दारात उभी कोणीतरी म्हातारी. आमच्या वाडीला समुद्र नाही. म्हणून तो मी एका लग्नाआधीच्या शूटिंगमधून घेतला आणि नवरा-नवरीची डोकी कापली. नवरीची गुलाबी ओढणी एका कोपऱ्यात राहिलीच. मास्तरांनी ती बघून विचारलं, "हे सूर्यास्ताचं प्रतीक का?" मी हो म्हटलं.

आता महत्त्वाचं. त्या ट्रेलरात एक शॉट होता, चार सेकंदांचा. रस्त्यावरून काढलेला. समोर गडगा, म्हणजे दगडावर दगड रचून केलेली हद्दीची भिंत. गडग्याच्या डाव्या हाताला काकीचं अंगण, उजव्या हाताला तिच्या धाकट्या दिराचं. आणि गडग्याला लागून डाव्या हाताला, काकीच्या अंगणात, एक फणस. काकी कोंबड्याला हाका मारत गडग्याकडून घराकडे चालते, म्हणजे उजवीकडून डावीकडे. आणि ट्रेलरात सगळं डावीकडून उजवीकडे धावायला लागतं. एक जण इकडे आणि एक जण तिकडे चालायला लागला की बघणाऱ्याच्या डोळ्याला ठेच लागते. म्हणून मी तो शॉट आरशात दिसतो तसा उलटवला. हे आम्ही रोज करतो. लग्नात मी कित्येक नवऱ्यांना डाव्या हातानं मंगळसूत्र बांधायला लावलंय, एका भटजीशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

शॉट उलटला. काकी छान उजवीकडे चालू लागली. आणि फणसही उजवीकडे गेला, दिराच्या अंगणात.

शुक्रवारी सकाळी ट्रेलर ग्रुपवर टाकला, खेळाच्या नऊ दिवस आधी. पहिल्या दोन तासांत फुलं आली, जोडलेले हात आले, 'गावाची आठवण इली' आलं. लिहिणारे सगळे न येणारे. बाराच्या सुमाराला दिराच्या ठाण्याच्या मुलानं एक फोटो टाकला. ट्रेलरातलाच, पण थांबवलेला, कोपऱ्यात ०:४२ हा आकडा, आणि फणसाभोवती लाल गोल. खाली दोनच शब्द: 'आमचो फणस.'

झालं. पुढचं सांगायला महाभारत लिहायला पाहिजे. एक तर गेल्या पावसात तो गडगा ढासळला होता, आणि दिवाळीनंतर दिरानं माणसं लावून परत रचून घेतला होता. आता फणस पलीकडे दिसतो म्हणजे गडगा अलीकडे सरकला, हे कोणालाही कळेल. सातबारा काय सांगतो, आजोबांनी फणस कोणाच्या नावे लावला, पहिला फणस खाल्ला कोणी, त्या वेळी हजर कोण होतं. ज्यांचा त्या फणसाशी गऱ्याएवढाही संबंध नाही, अशांना आपापले गडगे आठवले. एकानं लिहिलं, आमची पण हद्द एकदा बगूक व्हयी. दुसऱ्यानं सरळ तिकिटाचा फोटो टाकला. आमचा माणूस असा आहे. प्रेमानं बोलावलं तर रजा नसते, पण हातभर जमीन हलली की साहेबाला न विचारता गाडीत बसतो.

संध्याकाळी काकीच्या मुलाचा मला फोन आला. तीन वर्षांत पहिला.

"काय गो, बेचाळीसाव्या सेकंदाक थांबव आणि बग. गडगो कोणी सरकवल्यान?"

मी कॉम्प्युटरवर थांबवलं. बघितलं. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा सगळा गाढवाचा गोंधळ माझ्या एका बटणानं झालाय. सांगायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तो म्हणाला, "मी पुढच्या शनिवारच्या गाडीन येतंय. रविवारी सकाळी मोजतलंय."

मी तोंड मिटलं. देवाशप्पथ मिटलं. एक शब्द बोलले असते तर तिकीट रद्द झालं असतं. मी म्हटलं, "ये. येवन बग."

घरी जाताना काकीकडे स्कूटर थांबवली आणि सांगितलं, येतोय. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"माका बगल्यान मगे ट्रेलरात?"

"होय," मी म्हटलं.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं जोडून दाखवलंय, त्याच धंद्यात आहे. पण त्या एका 'होय'नं मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. ती आठ दिवस नाचत होती. उडदाची डाळ निवडली, कुळीथ भरडले, त्याची चादर दोनदा धुतली. भेटेल त्याला सांगत होती, "ट्रेलर बगल्यान आणि तिकीट काढल्यान." ऐकणारे माझ्याकडे बघायचे, कारण ग्रुपवर ते पण होते. कोणी बोललं नाही. वाडीत पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पोटात ठेवली.

रविवारी सकाळी कुडाळहून रिक्षा आली. तो उतरला, खांद्याला बॅग, हातात मोजायची टेप. घरात गेलाच नाही, तडक गडग्याकडे. पलीकडून दीर आणि त्याचा ठाण्याचा मुलगा. रस्त्यावर चाकरमान्यांची ही गर्दी. मास्तर मध्येच येऊन प्रत्येकाच्या हातात खेळाचा कागद देत होते. त्यांना खरोखर वाटत होतं की ही माणसं कलेसाठी आली आहेत.

आणि फणस डाव्या हाताला. फणस कुठं जाणार? जन्मापासून होता तिथंच उभा.

काकीच्या मुलानं फोन बघितला, फणस बघितला, परत फोन बघितला. ठाण्याच्या मुलानं दोन पावलं मागे जाऊन बघितलं. शेवटी दीर म्हणाला, "फणस आमच्याकडे इललो आणि परत गेलो, माका पत्तोच नाय."

मग मला पुढं व्हावं लागलं. डावीकडून उजवीकडे, आरसा, डोळ्याला ठेच, सगळं सांगितलं. कोणालाही पटलं नाही, पण राग सगळ्यांना एकदम आला. "शिरा पडो तुझ्या ट्रेलरार," असं तिघांनी तीन बाजूंनी म्हटलं. मी पण ऐकून घेणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "मी फणस उलटवला तर तुम्ही दोनशे कोस धावत आलात. तीन वर्षं सरळ होता तेव्हा खंय होतात?"

हे बोलून मी मान वळवली, तर काकी अंगणात उभी. हाताला घावण्याचं पीठ. किती वेळ उभी होती कोण जाणे. सगळं ऐकलं होतं एवढं तिच्या तोंडावरून कळलं.

"म्हणजे तू फणस बगूक इलंस?" तिनं मुलाला विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तसा न्हय गो आये..."

"माका बगूक नाय?"

"तू खंय होतंस त्या ट्रेलरात?"

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी फणसासकट आत गेले असते. यानं ट्रेलर उघडलाच नव्हता. बघितला तो ग्रुपवर फिरलेला लाल गोलवाला फोटो, आणि तो तरी कसा, तर दोन बोटांनी ताणून ताणून, फणसाचं पान न पान मोजता येईल इतका मोठा करून.

"दाखव," काकी म्हणाली.

त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर नुसता फणसाचा बुंधा आणि गडग्याचे चार दगड. काकीनं पदराला हात पुसले. स्टुडिओत बसून बसून तिला ते जमायला लागलं होतं. दोन बोटं काचेवर टेकली आणि सावकाश जवळ आणली. बुंधा लहान झाला. गडगा लहान झाला. आणि कडेनं एक म्हातारी चित्रात आली. वाकलेली, मान पुढं काढून काहीतरी शोधणारी, हातात काठी.

"ही कोण?"

तो बघत राहिला. एवढा वेळ बघितला की फोनचा पडदा विझला, आणि त्यानं तो परत पेटवला.

"आये, काठी कित्याक घेतलंस?"

"दोन वर्सां झाली," ती म्हणाली. "फोनार काठी दिसणा नाय."

तेव्हा त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि काठी तिच्या हातातच होती, सकाळपासून. टेप आपोआप सुर्रकन आत गेली. दिरानं त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली आणि सगळ्यांना सांगितलं, "जावा रे, चाय घेवा जावन." माणसं पांगली. मीही पांगले, आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटं रडले. मग प्रोजेक्टर बांधायला घेतला.

चार वाजता हॉल भरला होता. मोजायला आलेले सगळे चाकरमानी बसले होते, परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची, करतात काय? मास्तर दारात उभे, डोळे ओले. मला म्हणाले, "ट्रेलरचा योग्य प्रेक्षकवर्ग सापडला म्हणायचा." मी हो म्हटलं. पण पडदा लावून झाला, सव्वाचार झाले, हिरोईनचा पत्ता नाही. मी बघायला निघाले.

काकीच्या घरापासून शाळेला दोन वाटा आहेत. मळ्यातून गेलं तर पाच मिनिटं. ती दोघं रस्त्यानं येत होती, देवळाला वळसा घालून, सगळ्यांच्या दारांवरून. काकीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काठी तिच्या मुलाच्या काखेत, आणि ती त्याच्या दंडाला धरून. दर चार पावलांवर थांबत होती. गुडघे दुखत असतील असं वाटून मी घाईनं पुढं झाले.

"आये, उशीर जाता. लोक वाट बगतत," तो म्हणत होता.

"सावकाश चल," काकी म्हणाली. "तिनय वर्सां सांगतंय येतलो म्हणान. लोकांनी बगूक नको?"